घाटावरचे सर आणि आमचा बास्केटबॉल सीझन: आधी करून ठेवायच्या गोष्टी

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचे नवे सर घाटावरचे आहेत. आल्या आल्या त्यांनी बोर्डवर लिहून टाकलं, जुलैपासून रोज संध्याकाळी साडेचार ते साडेसहा प्रॅक्टिस. ग्राउंडवरचे काका मागून हळूच म्हणाले, "सर, ह्यो पावस घाटावरचो न्हय." तेव्हा यंदा टीममध्ये असाल तर पहिलं काम हे, की सरांनी विचारायच्या आधी एका कागदावर आपले दिवस लिहून त्यांच्या हातात द्यायचे. कोणाच्या घरी दीड दिवसांचा गणपती, कोणाकडे पाच, कोणाकडे अकरा, हे नावासमोर लिहा. ज्यांच्या घरी होडी आहे त्यांनी आपलं वेगळं लिहावं. मासेमारीची बंदी 1 जून ते 31 जुलै, तोवर ते सकाळी मोकळे. ऑगस्ट लागला की पहाटे ते समुद्रावर असणार, आणि त्यांना 'शिस्त नाही' म्हणून बाहेर बसवलं तर आपला सगळा रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या शॉटचा बॉल उडी मारून पकडणं, गेला.

मग कोर्ट. आपलं सिमेंटचं कोर्ट जूनच्या शेवटापर्यंत हिरवं होतं आणि त्यावर घसरला तो सीझनभर बाकावर. उघडीप मिळाली की ब्लीचिंग पावडर टाकायची, थोडा वेळ ठेवायची, हिराच्या खराट्याने खरवडायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं. हे एकदा करून भागत नाही, दर आठवड्याला पाळी लावा. रिंगचे बोल्ट खाऱ्या वाऱ्याने खाल्लेले असतात. सरांनी पहिल्या दिवशी टेप लावली तर एक रिंग बरोबर 3.05 मीटर, आणि दुसरी पुढच्या बाजूने चार बोटं खाली झुकलेली. आम्ही दोन वर्षं त्याच रिंगवर 'आपला शॉट बसलाय' म्हणून खूश होतो! वेल्डरला आत्ताच सांगून ठेवा, गणपतीच्या तोंडावर तो सापडत नाही. नेट नायलॉनचीच घ्या.

खेळाचं सांगायचं तर, गेल्या वर्षापर्यंत आपण टू-थ्री झोन लावून, म्हणजे दोघे पुढे, तिघे मागे, आपापली जागा राखत उभे राहायचो. ओल्या कोर्टवर ते शहाणपणाचंच होतं, पण बाहेरून शॉट मारणारी टीम आली की आपली फजिती व्हायची. सरांना मॅन-टू-मॅन हवा आहे, प्रत्येकाने समोरचा एकेक खेळाडू धरायचा. म्हणजे पाय आडवे चालले पाहिजेत, आणि ते कोर्ट वाळायची वाट न बघता कॉलेजच्या व्हरांड्यात, बॉल न घेता, करता येतं. रोज वीस मिनिटं करा. मॅन-टू-मॅनमध्ये सुरुवातीला फाउल वाढणारच: पाच झाले की खेळाडू बाहेर, आणि एका क्वार्टरमध्ये टीमच्या पाचव्या फाउलपासून समोरच्याला दोन फ्री थ्रो, म्हणजे कोणी न अडवता मारायचे शॉट. म्हणून दहा-बारा जण तयार ठेवायचे, पाचांवर भागणार नाही. आपले फ्री थ्रोसुद्धा धावून दमल्यावर मारायचे, आरामात उभं राहून मारलेले सगळ्यांचेच आत जातात.

आपल्याकडे शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला किती सेकंद उरले ते दाखवणारं घड्याळ, नाही. बाहेर बसलेल्याने मोबाइलवर चोवीस सेकंद लावून मोठ्याने ओरडायचं. बॉल रिंगला लागून परत आपल्याच हातात आला तर नवे चोवीस मिळत नाहीत, चौदाच मिळतात. गेल्या वर्षी ह्याच घोळात आपला बॉल दोनदा गेला.

बॉल मुलांसाठी सात नंबर, मुलींसाठी सहा. रबरी बॉलवर हात बसला की हॉलमधला बॉल हातात वेगळाच लागतो, तेव्हा एक तरी चांगला बॉल फक्त हॉलच्या प्रॅक्टिससाठी ठेवा. हवा भरताना सुई ओली करून घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो. बुटांचंही तेच. जांभ्याची तांबडी धूळ तळव्याला बसली की लाकडी कोर्टवर बूट साबणासारखा सरकतो. हॉलचे बूट पिशवीतून न्यायचे, आत गेल्यावर घालायचे.

कागदपत्रांत रडायचं काही नाही: मार्कशीट, जन्मतारखेचा दाखला, प्रवेशाची पावती, फोटो, ओळखपत्र, सगळ्याच्या दोन झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या पिशवीत. फॉर्मवर प्राचार्यांची सही शेवटच्या दिवशी मागायला जाऊ नका.

तिकिटांचं मात्र डोकं लावा. कोकण झोन, म्हणजे कोकणातल्या कॉलेजांची फेरी, जिंकली तर पुढे मुंबई, आणि गणपती आटोपल्यावर कुडाळहून मुंबईकडे जाणारी गाडी कशी भरते ते सरांना माहीत नाही. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. तारखा लागल्या की त्याच सकाळी बसायचं. पावसाळी वेळापत्रकात गाड्या सावकाश चालतात, म्हणून मॅचच्या आदल्या दिवशीच पोचायचं.

बॅगेत दोन जोड मोजे, दोन टॉवेल, कोर्ट पुसायला जुन्या लुंगीचा फडका. घाम इथे सुकत नाही, बाटलीत मीठ घातलेलं कोकम सरबत असू द्या. सकाळी पेज पिऊन निघा. वडापाव मॅच झाल्यावर.

आणि वर्गणीतून सरांसाठी एक दांड्याची छत्री घ्या. त्यांची फोल्डिंगची पहिल्याच आठवड्यात उलटी झाली.