विकलेला जुना लेथ ग्राहकाकडे टेपर कापतो: माझा अनुभव

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतून मी ऑनलाइन विकलेला लेथ (धातूचा तुकडा फिरवत कापणारे यंत्र) निपाणीत बसवल्यावर १५० मिलिमीटर लांबीत ०.०८ मिलिमीटर टेपर कापू लागला, म्हणजे दोन टोकांच्या व्यासात तेवढा फरक येऊ लागला, आणि ग्राहकाने पैसे परत मागितले. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, केवळ चकमध्ये (एका टोकाच्या फिरत्या पकडीत) धरलेला असल्याने टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा आधार) सरकवणे व्यर्थच होते. चकचे जबडे (जॉ) बदलूनही फरक पडला नाही. पंधरा दिवस फार मनस्ताप झाला.

अखेर स्वतः जाऊन, एका मीटर लांबीमागे ०.०२ मिलिमीटर उतार दाखवणारी लेव्हल बेडवर (यंत्राच्या लांब पायावर) आडवी, आधी हेडस्टॉकजवळ (चक असलेल्या टोकाला) व मग दुसऱ्या टोकाला ठेवली, तेव्हा बेडला पीळ बसल्याचे दिसले. पायांखाली शिम (पातळ पत्र्याचे तुकडे) घालून दोन्ही वाचने सारखी केली, फाउंडेशन बोल्ट आवळून ती पुन्हा तपासली, आणि नंतरच हलका कट घेऊन दोन्ही टोकांचे व्यास मायक्रोमीटरने मोजले. फरक ०.०१ मिलिमीटर उरला, ग्राहकाने तक्रार मागे घेतली.