लिनक्स उघडेना? फॉरमॅट मारायच्या आधी एवढं बघा

मागच्या पावसाळ्यात खानापूरहून मावसभावाचा फोन, त्याच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरबद्दल. "दादा, लाईट गेलती, परत आल्यावर चालू केलं तर नुसतं काळं पडलंय, वर इंग्लिशमधी काय काय लिवलंय." दुकानवाला म्हणे फॉरमॅटच मारायला लागतंय. म्हटलं थांब की रे जरा, आधी काय लिवलंय ते वाचून तरी दाखव.

शेवटच्या ओळीत इनिटरॅमएफएस दिसलं तर बहुतेक वेळा करंट गेल्यामुळं फाइल सिस्टिम (डिस्कवरची फायलींची मांडणी) बिघडलेली असते. तिथं एक्झिट टाइप करून एंटर मारा, डिस्कचा कुठला भाग (पार्टिशन) अडलाय ते कॉम्प्युटरच सांगतो, उदाहरणार्थ स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीए२. मग दुरुस्तीची कमांड मारा: एफएससीके, स्पेस, डॅश वाय, स्पेस आणि ते नाव, झालं की रीबूट. फोनवर हे सांगताना आमची पाच मिनिटं नुसती स्लॅश कुठल्या बाजूला झुकलेला त्यातच गेली, पण मशीन उठलं. फक्त डिस्क टक टक वाजत असेल तर हे करू नका, आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरनं (ज्यावरनं लिनक्स थेट चालतं) डेटा काढून घ्या.

दुसरी तऱ्हा म्हणजे लॉगिन येतंय, पासवर्ड टाकला की क्षणभर काळं होऊन परत लॉगिनच. इथं लिनक्स खाली मस्त चालू असतंय, फक्त डेस्कटॉप उभा राहत नाही. कंट्रोल ऑल्ट एफ३ दाबा (लॅपटॉपला कधी एफएन पण धरावं लागतंय), काळ्या स्क्रीनवर नाव आणि पासवर्ड टाका, टाइप करताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, घाबरू नका, उमटतंय ते. मग डीएफ स्पेस डॅश एच. नुसत्या स्लॅशपुढं १०० टक्के दिसलं तर चोर सापडला, डिस्क भरलीय. सुडो एपीटी क्लीन मारा, नंतर सुडो जर्नलसीटीएल डॅश डॅश व्हॅक्यूम डॅश साइझ बरोबर २००एम, म्हणजे जुने लॉग, म्हणजे सिस्टिमच्या नोंदी, उडतात. तरी जागा होईना तर होम फोल्डरमधले पिक्चर दुसरीकडं हलवा की.

आणि लॉगिनलाच पासवर्ड चुकीचा म्हणत असेल तर ही आमच्या बेळगाव भागातली खास भानगड, मराठी, कन्नड, इंग्लिश तिन्ही कीबोर्ड घातलेले असतात आणि लॉगिनला नेमका कन्नड चालू राहतो. कोपऱ्यात भाषा दिसते, ती बदला. मी स्वतः यात अर्धा तास घालवलाय, सांगायला लाज वाटते.

अपडेटनंतर काळं झालं असेल तर चालू होताना शिफ्ट धरा, नव्या मशीनला एस्केप, पण एकदाच टिचकी मारा, सारखं दाबलं तर मेनू सोडून ग्रबच्या (लिनक्स चालू करणाऱ्या प्रोग्रामच्या) कमांड लाइनवर जाल. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधनं आधीचा कर्नल (लिनक्सचा गाभा) निवडा, चालला तर नवीन कर्नलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये घोळ आहे. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डवाल्यांनी त्याच मेनूत ई दाबून लिनक्सनं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट जोडून एफ१० मारायचं. हे तेवढ्या वेळेपुरतंच असतंय, आत गेल्यावर ड्रायव्हर नीट बसवा.

एवढ्यानं पण नाही भागलं तर कंट्रोल ऑल्ट एफ३ वाल्या त्याच काळ्या स्क्रीनवर जर्नलसीटीएल डॅश बी डॅश पी ईआरआर मारून लाल ओळींचा फोटो काढा आणि जाणकाराला पाठवा. फोटोत स्क्रीन पूर्ण येऊ दे, आमच्या पठ्ठ्यानं तीनदा नुसता कीबोर्डच पाठवलता.