नळ-कमोड तुम्ही आणलेत, आता बसवणारा असा शोधा

खोकी घरात येऊन पडलीयेत, कमोड पॅसेजमध्ये उभा आहे, आणि प्लंबर फोनवर "सामान कुठून घेतलं ताई?" एवढं विचारतो आणि नंतर फोनच उचलत नाही. माझ्याकडे पहिल्यांदा हे झालं तेव्हा वाटलं मीच काहीतरी चुकीचं बोलले. त्यानंतर पुण्यात कर्वेनगरची आमची दोन बाथरूम, सहकारनगरला सासूबाईंचं जुनं घर आणि वाघोलीला भावाचा फ्लॅट, सगळीकडे सामान आम्ही आणलं आणि बसवायला माणूस शोधला. सगळे सांगतात तीन कोटेशन घ्या आणि मधलं निवडा. यात अर्थ नाही, कारण अडचण रेटची नसतेच.

अडचण काय ते आधी समजून घ्या. नेहमीच्या कामात प्लंबर तुम्हाला त्याच्या ओळखीच्या दुकानात नेतो, तिथे त्याला काहीतरी सुटतं, आणि त्या जोरावर तो मजुरी कमी सांगतो. सामान तुम्ही आणलं की ते सुटणं बंद. शिवाय त्याला भीती असते की उद्या गळलं तर दुकानदार हात वर करेल आणि हे लोक मलाच धरतील, आणि ती भीती काही खोटी नाही. म्हणून पहिल्याच फोनवर मी सांगते, "दादा, मोठं सामान माझं आहे, मजुरी तुम्ही नीट हिशोबाने सांगा, मी घासाघीस करणार नाही, आणि बारीक मटेरियल तुम्हीच आणा." एवढ्या वाक्यावर चांगला माणूस यायला तयार होतो.

फोन करायच्या आधी मापं आणि फोटो

कमोड एस-ट्रॅप, म्हणजे खाली जमिनीत आउटलेट असलेला, असेल तर भिंतीपासून जमिनीतल्या आउटलेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. भिंत म्हणजे टाईल लागलेली भिंत. टाईल लागायच्या आधी मोजलं तर टाईल आणि खालचा माल मिळून इंचभर सहज जातो. ९ इंचाचा कमोड १२ इंचाच्या आउटलेटवर तसाच बसवला तर मागे मोठी फट राहते, आणि उलटं केलं तर टाकी भिंतीला टेकते, कमोड बसतच नाही. पी-ट्रॅपचं आउटलेट भिंतीत असतं, तिथे फरशीपासूनची उंची मोजा. वॉल हंग म्हणजे भिंतीवर टांगलेल्या कमोडच्या बोल्टांमधलं अंतर बहुतेक १८० किंवा २३० मिलीमीटर असतं, तेही बघून ठेवा. आणि कन्सिल्ड डायव्हर्टर, म्हणजे भिंतीत लपणारा गरम-गार पाण्याचा शॉवरचा नळ, आणला असेल तर भिंतीत आधीपासून कुठल्या कंपनीची बॉडी आहे ते शोधा, कारण एका कंपनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीचा वरचा भाग बसत नाही, मग टाईल फोडावीच लागते.

माणूस कुठे शोधायचा

पहिला पर्याय तुमच्याच सोसायटीत काम करून गेलेला माणूस. वॉचमनला विचारू नका, ज्यांच्याकडे वर्षभरापूर्वी काम झालंय त्यांना विचारा, आणि "चांगला आहे का" असं नाही, तर "खालच्या घराच्या छताला ओल आली का" असं विचारा. तुमच्या बिल्डिंगचा डक्ट (पाईप जातात ती उभी मोकळी जागा), व्हॉल्व्ह आणि ड्रेनेजची लाईन त्याला माहीत असते, हे दहा वर्षांच्या अनुभवापेक्षा जास्त कामाचं. सासूबाईंच्या घरी जुनी जीआय म्हणजे लोखंडी पाईपची लाईन होती, गंजलेल्या आट्यांवर नवीन अँगल कॉक (भिंतीतून पाणी देणारा छोटा नळ) घट्ट करताना आतला तुकडाच तुटतो, हे तिथल्या जुन्या प्लंबरला आल्याआल्या कळलं. आणि नवीन टॉवरमध्ये, जिथे मिवान पद्धतीच्या काँक्रीटच्या भिंती आहेत, तिथे कापाकापी करायला सोसायटी परवानगी देत नाही, आणि द्यायलाही नको, म्हणून त्या बिल्डिंगमध्ये काम केलेला माणूसच घ्या.

दुसरा पर्याय जिथून सामान घेतलं त्या दुकानाचा माणूस, किंवा ब्रँडच्या कस्टमर केअरला फोन करून फिटिंगला माणूस पाठवतात का ते विचारणं. अर्बन कंपनीसारख्या ॲपवर रेट दिसतो आणि वेळ ठरते, एखादा नळ किंवा जेट स्प्रे बदलायला ठीक, पण पूर्ण बाथरूमला मी ते वापरत नाही, कारण अशा कामात काय निघेल ते आधी माहीत नसतं. मजूर अड्ड्यावरून माणूस आणायचा तर हेल्पर म्हणून आणा, फिटिंगला नाही.

प्लंबर ओडिशाचा निघाला तर नवल वाटून घेऊ नका, तिथल्या केंद्रापाडा भागातली माणसं देशभर हेच काम करतात आणि मला चांगला अनुभव आहे. जूनच्या मध्यात त्यांचा रज सण असतो, तेव्हा गावी गेला असला तर थोडं थांबा. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे मात्र कोणालाच बोलावू नका, सगळ्यांना घाई असते.

बोलणं, जिथे मी फसले होते

आता खरा अवघड भाग. पहिल्या वेळी मी फक्त रेट ठरवला, उक्तं काम, एका बाथरूमचे इतके. रात्री बेसिनखाली पाणी साचलं. प्लंबर म्हणाला मटेरियल तुमचं, दुकानदार म्हणाला प्लंबरने जास्त पिळलं, कंपनीचा माणूस आला आणि म्हणाला फिटिंगचा दोष आहे, वॉरंटीत येत नाही. तिघंही आपापल्या जागी बरोबर वाटत होते आणि पाणी माझ्या घरात होतं, आठ दिवस बादली लावून बसले. तेव्हापासून मी रेटच्या आधी जबाबदारी ठरवते.

माझा नियम असा. खोकी प्लंबरच्या समोर उघडायची, आधी नाही. तो प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघेल, चीर आहे का, आटे नीट आहेत का, वॉशर आणि स्क्रू आहेत का. काही खराब वाटलं तर आत्ता सांगायचं, मी बदलून आणते, तोपर्यंत त्याचा फुकट गेलेला वेळ मी भरून देते. हे वेळेचे पैसे नक्की द्या. ते मिळणार नसतील तर तो गप्प बसून लावतो, कारण त्याला पुढचं काम गाठायचं असतं. एकदा त्याने बघून लावायला घेतलं की त्याच्या हाताने झालेला प्रत्येक जॉइंट त्याचा. नळाच्या बॉडीतून किंवा आतल्या कार्ट्रिजमधून पाणी आलं तर ते मटेरियल, म्हणजे माझं आणि कंपनीचं. जिथे आटे जोडलेत तिथून आलं तर त्याचं. ओळखायचं कसं, तर जॉइंट कोरडा पुसायचा, टिशू पेपर गुंडाळायचा, पाणी सोडायचं आणि कुठला भाग आधी ओला होतो ते बघायचं. एवढ्यावर भांडण मिटतं.

हे सगळं व्हॉट्सॲपवर पाठवा. कागदावर सही मागितली की तो बिचकतो, पण मेसेजवर "ठीक आहे" लिहितो. त्यात हेही लिहा की जुनं काढणं, भोक पाडणं, टाईल कापणं, राडारोडा खाली नेणं हे रेटमध्ये आहे की नाही, कारण ज्यादा पैसे नेहमी तिथेच निघतात. काम उक्तं द्यायचं की हजेरीवर, म्हणजे रोजाने? नवीन बांधकामात उक्तं, जुन्या घरात हजेरी. जुन्या भिंतीत काय निघेल ते कोणीच आधी सांगू शकत नाही, आणि उक्तं दिलं की माणूस वेळ वाचवायला गंजलेला पाईप तसाच झाकून टाकतो.

बारीक मटेरियल त्यालाच आणू द्या, टेफ्लॉन टेप, कनेक्शन पाईप, वेस्ट पाईप, रॅग बोल्ट (बेसिन भिंतीला धरणारे). पैसे थोडे जास्त गेले तरी चालतील, त्याची निवड असली की जबाबदारीही त्याची. अट एकच, सीपीव्हीसी म्हणजे प्लास्टिकच्या पाईपवर अँगल कॉक बसतो तिथे पितळी आट्याचंच फिटिंग, प्लास्टिकच्या आट्यावर नको.

आणि कमोड पांढऱ्या सिमेंटमध्ये गाडायला मी देत नाही. पुढे कधी काढायची वेळ आली तर कमोड फुटूनच निघतो. बोल्टवर बसवा, कडेने सिलिकॉन लावा आणि मागे दोन इंच मोकळे सोडा, आत गळती झाली तर पाणी तिथून बाहेर येऊन दिसेल. यावर बरेच जण वाद घालतात. मी ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

कामाचा दिवस

सोसायटीला आदल्या दिवशी कळवा, दुपारची ड्रिलिंगची बंदी बघा, डक्टमधला व्हॉल्व्ह खरंच पूर्ण बंद होतो का ते आदल्या दिवशीच तपासा. कित्येक जुने व्हॉल्व्ह होत नाहीत.

पैसे द्यायच्या आधी

बेसिन काठोकाठ भरून बोळा एकदम काढा, सगळं पाणी वेगाने जाताना खालचा जॉइंट खरा कळतो. फ्लश लागोपाठ पाच वेळा करा. टाकीत थोडी हळद घाला, फ्लश न करता अर्ध्या तासाने भांड्यात पिवळं दिसलं तर आतला व्हॉल्व्ह गळतोय. वरच्या मजल्यावर असाल तर शॉवर बारीक पडेल आणि त्याला प्लंबर जबाबदार नाही, गच्चीवरची टाकी दर मीटर उंचीला जेमतेम ०.१ बार प्रेशर देते, तीन मीटरला ०.३ झालं, आणि शॉवरच्या बॉक्सवर बहुतेक त्याहून जास्त मागितलेलं असतं. वाघोली, उंड्रीसारख्या टँकरच्या पाण्याच्या भागात शॉवरची जाळी आणि एरेटर (नळाच्या तोंडाची जाळी) महिनाभरात काढून धुवा, क्षार बसतो.

पैशांचा काही भाग दुसऱ्या दिवशी द्यायचा, हेही त्याच मेसेजमध्ये आधी लिहिलेलं असावं. रात्रभर सगळ्या जॉइंटखाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, सकाळी कोरडं असेल तर लगेच फोन करून उरलेले द्या, त्याला एकदाही मागायला लावू नका. खालच्या घरच्या काकूंनाही छत बघायला सांगा. बिल आणि वॉरंटी कार्डाचे फोटो त्याच चॅटमध्ये टाकून ठेवा.