पगार मोठा, शहर महाग : हाती किती उरते ते कसे मोजावे

दुसऱ्या शहरातून मोठ्या पगाराचा प्रस्ताव आला की बहुतेक जण आधी एकच भागाकार करतात. दोन्ही शहरांचे राहणीखर्चाचे निर्देशांक शोधायचे, नव्या पगाराला त्यांच्या गुणोत्तराने भागायचे आणि आलेला आकडा सध्याच्या पगारापेक्षा मोठा असला की होकार कळवायचा. आलेला जवळजवळ सगळा पैसा महिनाअखेरीस संपतो अशा पगारात हा हिशोब फारसा चुकत नाही. मोठ्या पगारात मात्र तो हमखास चुकतो, कारण त्यातला बराच भाग त्या शहरात खर्चच होत नाही. काही करात जातो, काही बचत म्हणून बाजूला पडतो आणि शहराची महागाई लागू होते ती फक्त मधल्या भागाला. म्हणून दोन्हीकडे कर आणि आपल्या घराचा खरा खर्च वजा जाता वर्षाला किती शिल्लक राहते, याची तुलना करावी.

आकडे घेऊन पाहू. सध्याचा वार्षिक पगार १०० एकक धरा. त्यातून २८ एकक कर जातो आणि ७२ हाती येतात. घरभाडे १८, बाकी सगळा खर्च २४, म्हणजे एकूण ४२, आणि बचत ३०. नव्या शहरात भाडे दुप्पट, म्हणजे ३६ आहे आणि बाकीच्या गोष्टी १५ टक्के महाग, म्हणजे २७.६ आहेत. खर्च ६३.६ झाला, जो आधीच्या दीडपटीहून किंचित जास्त आहे. भागाकाराची पद्धत सांगते की १५१ पगार मिळाला तरच बरोबरी होईल, आणि प्रस्ताव १४५ चा असेल तर ती तो नाकारायला लावेल. आता शिल्लक काढा. वाढलेल्या ४५ एककांवर वरच्या टप्प्याचा ४० टक्के कर धरला तर २७ हाती येतात, एकूण ९९. खर्च वजा जाता ३५.४ उरतात, म्हणजे बचत ५.४ एककांनी वाढली. बरोबरीचा पगार खरे तर १३६ च होता.

याच घरात एक लहान मूल धरा. जुन्या शहरात पाळणाघराला ६ एकक लागत होते आणि नव्या शहरात १८ लागणार असतील, तर जुनी बचत २४ आणि नवी १७.४ होते. तोच प्रस्ताव, तेच शहर, पण निर्णय उलटा. एकट्या सहकाऱ्याला परवडले म्हणून आपल्यालाही परवडेल, हे अनुमान म्हणूनच टिकत नाही.

निर्देशांक काय मोजतो, ते आधी पाहावे

निर्देशांक टाकाऊ नसतात, पण त्यांच्या टोपलीत, म्हणजे ज्यांच्या किमती मोजल्या त्या वस्तू-सेवांच्या यादीत, काय आहे हे न बघता ते वापरणे धोक्याचे असते. ‘नंबिओ’ या संकेतस्थळाचा मुख्य निर्देशांक न्यूयॉर्कला १०० मानतो आणि त्यात घरभाडे धरलेलेच नसते. भाड्याचा निर्देशांक वेगळा दिलेला असतो. शहराशहरांतला सर्वांत मोठा फरक भाड्यात असतो, त्यामुळे घाईत पहिला आकडा उचलणाऱ्याची फसगत ठरलेली. शिवाय त्यातले दर वापरणाऱ्यांनी नोंदवलेले असतात. ‘मर्सर’ या सल्लागार कंपनीची शहरांची यादी बहुराष्ट्रीय कंपन्यांनी परदेशी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांच्या दृष्टीने केलेली असते, स्थानिक माणसासारखे राहणाऱ्याचा खर्च त्या टोपलीशी जुळेलच असे नाही.

याहून मूलभूत अडचण अशी की, सरासरी टोपली सरासरी घराची असते. उत्पन्न वाढते तसा अन्नावरच्या खर्चाचा वाटा कमी होत जातो, हे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ मध्येच दाखवले होते. मोठ्या पगाराच्या घरात किराण्याची महागाई जवळपास जाणवत नाही, आणि घर, मुलांची देखभाल, शाळा व प्रवास एवढ्यातच सगळा फरक सामावतो. त्यामुळे गेल्या बारा महिन्यांचा स्वतःचा खर्च काढून, त्यातल्या सहा-सात मोठ्या बाबींचे नव्या शहरातले दर स्वतः शोधणे हा सर्वांत भरवशाचा निर्देशांक होय. छोट्या बाबींना एकत्रित टक्केवारी लावली तरी चालते.

कर आणि कपाती

प्रस्तावातला आकडा कराआधीचा असतो. एकाच देशातही शहर बदलले की कर बदलू शकतो. न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्याला केंद्राचा आणि राज्याचा प्राप्तिकर भरून वर शहराचाही प्राप्तिकर द्यावा लागतो. टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकरच नाही, मात्र घर विकत घेणाऱ्याला तिथला भारी मालमत्ता कर हिशोबात धरावा लागतो. दुबईत पगारावर प्राप्तिकर नाही, पण भाडेकरूकडून वार्षिक भाड्याच्या ५ टक्के इतके महापालिका शुल्क वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होते.

मोठ्या पगाराला काही ठिकाणी खास खड्डे असतात. ब्रिटनमध्ये १ लाख पौंडांच्या वर उत्पन्न गेले की करमुक्त मर्यादा दर २ पौंडांमागे १ पौंडाने घटत जाते. परिणामी, स्कॉटलंड वगळता, १ लाख ते १,२५,१४० पौंड या पट्ट्यात वाढीव कमाईवरचा प्राप्तिकर प्रत्यक्षात ६० टक्के पडतो, आणि त्यावर राष्ट्रीय विम्याचे २ टक्के. त्यातच, इंग्लंडमध्ये नोकरदार पालकांना लहान मुलांसाठी मिळणारे सरकारी खर्चाचे देखभालीचे तास, दोघांपैकी एकाचेही ठरावीक वजावटींनंतरचे उत्पन्न १ लाख पौंडांच्या वर गेले की बंद होतात. दोन लहान मुले असलेल्या घरात पगारवाढ मिळून शिल्लक घटण्याचा प्रकार इथे खरोखर घडतो. अशा पट्ट्यात पगार पडत असेल तर जादा रकमेऐवजी निवृत्तिवेतनातला वाटा वाढवून मागणे शहाणपणाचे ठरते.

टोकियोत अडचण वेळेची आहे. तिथला सुमारे १० टक्क्यांचा रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, त्यामुळे परदेशातून नव्याने आलेल्याला सुरुवातीला तो भरावा लागत नाही आणि पुढच्या वर्षीच्या जूनपासून हाती येणारी रक्कम एकदम खाली येते. पहिल्या वर्षाच्या पगारपत्रकावरून घराचे भाडे ठरवणाऱ्याला हे फार उशिरा कळते. तेव्हा हिशोब नेहमी दुसऱ्या वर्षाचा मांडावा.

‘हाती येणारा पगार’ हा शब्दही देशागणिक वेगळ्या अर्थाने वापरला जातो. म्युनिकमधल्या पगारातून आरोग्य विम्याचा हप्ता आधीच कापलेला असतो आणि सार्वजनिक विमा असेल तर न कमावणारा जोडीदार व मुले त्यातच, वेगळा हप्ता न भरता, समाविष्ट होतात. झुरिकमध्ये आरोग्य विमा सक्तीचा आहे, पण तो पगारातून कापला जात नाही; घरातल्या प्रत्येकासाठी, मुलांसाठीसुद्धा, वेगळा हप्ता स्वतः भरावा लागतो आणि तो उत्पन्नावर ठरत नाही. चौघांच्या कुटुंबाने झुरिकच्या पगारपत्रकातून हे चार हप्ते वजा केल्याशिवाय म्युनिकशी तुलना करू नये. याउलट सिंगापूरमध्ये नागरिक व कायम रहिवाशांच्या पगारातून भविष्यनिधीसाठी जे कापले जाते, ते गेलेले पैसे नसून अडकलेली बचत असते. ते शिल्लकीतच, पण वेगळ्या ओळीत लिहावे.

घर : टक्केवारीचा नियम कुठे लंगडा पडतो

उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त भाडे देऊ नये, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. त्याचे मूळ अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या भाड्यात आहे: १९६९ मध्ये भाडेकरूच्या उत्पन्नाच्या २५ टक्के अशी मर्यादा घातली गेली आणि १९८१ मध्ये ती ३० टक्के झाली. कमी उत्पन्नाच्या भाडेकरूसाठी केलेली ही मोजपट्टी मोठ्या पगाराला लावण्यात फारसा अर्थ नाही. ४० टक्के भाडे देऊनही एखाद्याकडे आधीपेक्षा दुप्पट रक्कम उरू शकते, आणि ‘३० टक्क्यांत बसते’ म्हणून गरजेपेक्षा मोठे घर घेणारा विनाकारण बचत गमावतो. घराची निवड गरजेवरून करावी आणि नंतर शिल्लक पाहावी.

भाड्याची चौकशी करताना आकड्यात काय धरले आहे, ते विचारलेच पाहिजे. जर्मनीत जाहिरातीतले ‘थंड भाडे’ म्हणजे उष्णता, पाणी व इमारतीच्या खर्चाशिवायचे भाडे. शिवाय अनेक घरे स्वयंपाकघरातल्या ओट्या-कपाटांविना मिळतात आणि अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत असू शकते. न्यूयॉर्कमध्ये अनेक घरमालक महिन्याच्या भाड्याच्या ४० पट वार्षिक पगार असल्याशिवाय घर देत नाहीत, म्हणजे परवडते की नाही हा प्रश्न पुढचा, आधी पात्रताच ठरते.

लांब राहून भाडे वाचवायचे असेल तर वाचलेल्या पैशातून प्रवासखर्च वजा करावा आणि उरलेली रक्कम प्रवासात गेलेल्या तासांनी भागावी. येणारा दर आपल्या कामाच्या तासाच्या दराशी ताडून पाहिला की स्वस्त उपनगर बऱ्याचदा तितकेसे स्वस्त वाटत नाही. गाडीचेही तसेच. सिंगापूरमध्ये गाडी नोंदवायला सरकारी बोलीतून १० वर्षांचे हक्कपत्र घ्यावे लागते आणि ते गाडीच्या मूळ किमतीहूनही महाग पडू शकते. पण तिथली सार्वजनिक वाहतूक उत्तम असल्याने अनेक घरांच्या हिशोबात ही ओळ येतच नाही. उलट लक्झेंबर्गमध्ये २९ फेब्रुवारी २०२० पासून देशभरातली सार्वजनिक वाहतूक सर्वसाधारण वर्गासाठी मोफत आहे, तिथे प्रवासखर्च कमी म्हणून खूश होण्याआधी भाडे पाहावे.

माणसांच्या कामाची किंमत

श्रीमंत शहरात फोन किंवा संगणक फारसा महाग नसतो. महाग असते माणसाचे काम. अर्थशास्त्रज्ञ बेला बलासा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी १९६४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेले स्पष्टीकरण असे की, निर्यातक्षम उद्योगांची उत्पादकता वाढली की तिथले पगार वाढतात, आणि मग केशकर्तन, सफाई, बालसंगोपन अशा आयात न होणाऱ्या सेवांनाही तितकेच वाढीव पगार द्यावे लागतात, त्यांची उत्पादकता तेवढी वाढलेली नसली तरी. कमी मजुरीच्या शहरातून जाणाऱ्या सुखवस्तू घराला याचा चटका सर्वांत जास्त बसतो, कारण सध्याच्या मोठ्या पगाराचे निम्मे सुख घरकामाला ठेवलेल्या माणसांमुळेच असते. नव्या शहरात ती कामे एकतर महागात घ्यावी लागतील किंवा स्वतः करावी लागतील. दुसरा पर्याय घेणार असाल तर हिशोबात शून्य न लिहिता आठवड्याचे तास लिहावेत.

जोडीदाराची नोकरी सुटणार असेल तर तो पगारही, करानंतरचा, वजा करावा. ही ओळ टाळण्याकडे आश्चर्यकारक कल दिसतो.

शिल्लक कोणत्या चलनात वापरणार?

देश बदलत असेल तर विनिमय दर वापरावा की क्रयशक्ती समता, म्हणजे त्याच वस्तू-सेवांना दोन्ही देशांत किती पैसे पडतात यावरून काढलेला दर, असा वाद घातला जातो. दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या भागांना. नव्या शहरात जो पैसा खर्च होणार, त्याला तिथल्याच किमती लागू. जो पैसा दुसरीकडे पाठवला जाणार किंवा पुढे दुसऱ्या देशात वापरला जाणार, त्याला बाजारातला विनिमय दर लागू. संपूर्ण पगार क्रयशक्तीने भागणारा आपली बचत कमी लेखतो आणि संपूर्ण पगार विनिमय दराने गुणणारा आपले राहणीमान फुगवतो. शिवाय जागतिक बँकेच्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमातून येणारे क्रयशक्तीचे आकडे देशाची सरासरी असतात; राजधानीत भाड्याने राहणाऱ्याला ते लागू पडत नाहीत. आणि नव्या शहरातच घर घेऊन कायम राहायचे असेल, तर तिथल्या घराची किंमत किती वर्षांच्या बचतीएवढी होते, हेही तपासावे. तिथे मोठी शिल्लकसुद्धा लहान दिसू शकते.

एवढे झाले की उलटा हिशोब करावा. आजची बचत टिकवायला नव्या शहरात किती खर्च आणि त्यावर किती कर लागेल, यावरून बरोबरीचा पगार निघतो. स्थलांतर, अनामत आणि सामानाचा एकरकमी खर्च त्यात मिसळू नये. तो वेगळा मागावा, कारण कंपन्या कायमचा पगार वाढवण्यापेक्षा एकदाचा खर्च उचलायला लवकर तयार होतात. वाटाघाटीत बसताना निर्देशांकाचा कागद नेण्यापेक्षा भाडे, कर, पाळणाघर आणि विमा या चार ओळींचा कागद न्यावा. मनुष्यबळ विभागाला निर्देशांकावर वाद घालता येतो, भाड्याच्या जाहिरातीवर घालणे अवघड जाते.