म्युझिक व्हिडिओचं रिफ्लेक्शन लिहायचंय? आधी न वापरलेलं फुटेज उघडा

व्हिडिओ सबमिट झाला की पुढचे काही दिवस कोणालाच त्याचं तोंड बघायचं नसतं, तेच गाणं शंभरदा ऐकून कान किटलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच रिफ्लेक्शन, म्हणजे आपण काय केलं, काय चुकलं आणि का याचा लेखी आढावा, लिहायचं असतं. मग सगळे तेच लिहितात. टीमवर्क शिकलो, टाइम मॅनेजमेंटचं महत्त्व कळलं, पुढच्या वेळी प्लॅनिंग अजून नीट करू. हे कुठल्याही प्रोजेक्टखाली चिकटवता येतं, म्हणजे तुमच्या व्हिडिओबद्दल त्यात काहीच नाहीये. मी पहिल्यांदा असलंच दीड पान लिहिलेलं, सरांनी समासात फक्त "कुठला शॉट?" एवढं लिहून परत दिलं. तेव्हा राग आला, पण प्रश्न बरोबर होता.

तर पहिलं काम, काहीही डिलीट करू नका. एडिटची प्रोजेक्ट फाइल, न वापरलेल्या क्लिप्स, जुने एक्स्पोर्ट, शॉट लिस्ट, स्टोरीबोर्डचे कागद, ग्रुपवरचं चॅट, सगळं राहू द्या. जागा नाही म्हणून रॉ फुटेज उडवायचा मोह होतो (१०० एमबीपीएसवर, म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिटने, शूट केलेलं फोर के मिनिटाला साधारण ७५० एमबी खातं, त्यामुळे मोह होणारच), पण रिफ्लेक्शन त्या फुटेजमधूनच निघतं. आठवणीवर लिहायला गेलात तर फक्त भांडणं आणि पाऊस आठवतो.

मग व्हिडिओ म्यूट करून बघा. गाणं चांगलं असलं की ते कितीतरी कमजोर शॉट झाकून नेतं, आवाज बंद केला की सगळे उघडे पडतात. बघताना वेळ लिहीत जा. "मधला भाग थोडा बोअर झाला" असं नको, "१:१२ ते १:३० मध्ये माझंच लक्ष उडालं" असं हवं, कारण वेळ लिहिली की टाइमलाइनवर (एडिटमध्ये क्लिप्स ओळीने लावतो ती पट्टी) तिथे जाऊन नक्की काय आहे ते बघता येतं. बहुतेक वेळा तिथे एकाच साइजचे (सगळे लांबून नाहीतर सगळे जवळून) चार शॉट ओळीने लागलेले असतात, नाहीतर दुसऱ्या कडव्यात पहिल्या कडव्याचंच लोकेशन परत आलेलं असतं आणि नवीन काही घडतच नाही.

कट आणि बीटचंही तसंच. नवीन एडिटरला बीटवर कट मारायला जाम मजा येते, आम्हीही प्रत्येक कट बीटवर मारला होता आणि त्याचा अभिमानही होता! आता हिशोब बघा, १२० बीपीएमच्या गाण्यात मिनिटाला १२० बीट, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक बीट, चार बीटचा एक बार म्हणजे २ सेकंद. दर बारला कट मारला तर ३ मिनिटांच्या गाण्यात ९० शॉट होतात आणि सगळे सारख्याच लांबीचे. पहिल्या कोरसनंतर बघणाऱ्याला पुढचा कट कधी येणार ते आधीच कळायला लागतं. टाइमलाइन झूम आऊट करून नुसती क्लिप्सची लांबी बघा, भिंतीतल्या विटांसारखी एकसारखी दिसली तर तुमचा प्रॉब्लेम सापडला. (२५ एफपीएसला, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असताना, अर्धा सेकंद म्हणजे साडेबारा फ्रेम, त्यामुळे प्रत्येक बीट अचूक फ्रेमवर पडणारच नाही. अर्ध्या फ्रेमसाठी डोकं फोडू नका.)

लिपसिंकवर मात्र वेळ घालवाच, कारण बघणाऱ्याला बाकी काही कळो न कळो, ओठ चुकले की लगेच कळतं. फक्त "लिपसिंक नीट जमलं नाही" लिहून सोडू नका, कसं चुकलंय ते बघा, कारण चुकण्याचे प्रकार वेगळे आणि त्यांची कारणंही वेगळी. टेक (एका वेळी सलग शूट केलेली क्लिप) सुरुवातीला जुळतोय आणि शेवटाकडे सरकत जातोय, असं असेल तर संशय फोनवर घ्या. बरेच फोन फ्रेम रेट कायम एकच ठेवत नाहीत, कमीजास्त करतात, आणि एडिटिंग सॉफ्टवेअरने तो एकसारखा धरला की चित्र आणि आवाज हळूहळू फाकतात. अशा क्लिप्स एडिटमध्ये घेण्याआधी कॉन्स्टंट फ्रेम रेटमध्ये कन्व्हर्ट करून घ्यायच्या असतात. पूर्ण टेक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच मागेपुढे असेल तर ती एडिटमधली चूक, क्लिप नीट बसवलेली नाही. गाणं फक्त गाणाऱ्याच्या इअरफोनमध्ये वाजत होतं का? मग कॅमेऱ्याच्या माइकवर गाणं आलंच नसणार आणि तुम्ही अंदाजाने क्लिप बसवली असणार. पुढच्या वेळी स्पीकरवर लावा.

तिसरा प्रकार जास्त गमतीचा. सिंक फ्रेमला फ्रेम जुळतंय तरी खोटं वाटतंय. तेव्हा ओठ सोडून गळा बघा. लाजून नुसते ओठ हलवले की गळा हलत नाही, छाती फुगत नाही, ओळीच्या आधी श्वास घेतलेला दिसत नाही. शूटला खरंच मोठ्याने गायला लावायचं, बेसूर असलं तरी चालतं, तो आवाज कुठे वापरायचाय.

आणि आमचा घोळ ऐका. कोरस स्लो मोशनमध्ये हवा होता म्हणून ५० एफपीएसवर शूट केला, २५ च्या टाइमलाइनवर अर्ध्या स्पीडला स्लो करून टाकला, आणि ओठ गाण्याच्या अर्ध्या स्पीडने हलायला लागले. असं करायचं असेल तर सेटवर गाणं दुप्पट स्पीडने वाजवावं लागतं आणि गाणाऱ्याला त्या स्पीडने गावं लागतं, म्हणजे नंतर सगळं स्लो दिसतं पण ओठ जुळतात. हे आम्हाला एडिटला बसल्यावर कळलं. कोरसमध्ये मग पाठमोरे शॉट्स भरले. रिफ्लेक्शनमध्ये मी आधी लिहिलेलं की पाठमोरे शॉट्स एकटेपणा दाखवतात. नाही हो, ते आमची चूक दाखवत होते! अशा थापा मारू नका, वाचणाऱ्याने असे बरेच व्हिडिओ बघितलेले असतात. चूक सांगा आणि ती कशी लपवली तेही सांगा, ती युक्ती चालली असेल तर ते लिहिण्यासारखंच आहे.

आता खरं काम. चूक सापडली की तिथे थांबू नका, ती कुठल्या दिवशी आणि कुठल्या निर्णयामुळे झाली तिथपर्यंत मागे जा. समजा इनडोअर शॉटमध्ये आडवे पट्टे सरकताना दिसतायत. "लाइट खराब होती" हे रिफ्लेक्शन नाही, तक्रार आहे. पट्टे का आले? वीज ५० हर्ट्झची असेल तर बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, तिथे शटर (कॅमेरा एका फ्रेमसाठी किती वेळ उजेड घेतो ते) १/५० किंवा १/१०० सेकंद लागतं (६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०), आणि आपलं शटर ऑटोवर होतं. ऑटोवर का होतं? टेस्ट शॉट घेतलाच नाही. का नाही घेतला? लोकेशन बघायला गेलो ते दुपारी, खिडकीच्या उजेडात, दिवे लावलेच नव्हते. हां, आता काहीतरी हातात आलं. "लोकेशन ज्या वेळेला शूट करणार त्याच वेळेला, दिवे लावून बघायचं आणि तिथेच १० सेकंदांची क्लिप घ्यायची" हे वाक्य "प्लॅनिंग सुधारू" पेक्षा कितीतरी कामाचं आहे.

न वापरलेल्या फुटेजचं गणितही करा. दीड तासाचं फुटेज आणि ३ मिनिटांचा व्हिडिओ असेल तर प्रमाण झालं ३० ला १. एवढं टाकणं वाईट नसतं, पण काय टाकलं ते बघा. ज्या शॉटसाठी अर्धा दिवस गेला तोच बाहेर बसलाय का? बसला असेल तर का, दिसायला भारी होता पण गाण्यात त्याची जागाच नव्हती? उलट बाजूने, एडिट करताना कुठल्या शॉटसाठी तडफडलात आणि तो घेतलेलाच नव्हता? आमच्याकडे वाइड, म्हणजे लांबून घेतलेले शॉट, ढीगभर आणि हातांचा क्लोजअप एकही नाही. गाणाऱ्याचा पूर्ण गाण्याचा एक सलग टेक घेतलेला असला की अडलेल्या जागी परत यायला काहीतरी असतं, तो पण नव्हता. एकदा कट म्हटल्यानंतरचेही दोनचार सेकंद बघा, अॅक्टिंग थांबल्यावर चेहऱ्यावर जे येतं ते कधीकधी वापरलेल्या टेकपेक्षा खरं असतं.

गाण्याचे बोल एका बाजूला लिहा आणि समोर त्या ओळीला काय दिसतं ते लिहा. ओळीत दार आणि पडद्यावरही दार, असं किती ठिकाणी झालंय? एकदोनदा ठीक, पण सगळीकडे चित्र बोलांच्या मागेच धावत असेल तर त्यात तुमचं असं काय आहे? बोलांपेक्षा वेगळं किंवा उलटं दाखवलेल्या जागा शोधा, लिहिण्यासारखं तिथेच जास्त निघतं.

एखाद्या बाहेरच्याला व्हिडिओ दाखवा. आधी विषय सांगू नका. नंतर "कसा वाटला" विचारू नका, सगळे छानच म्हणतात. काय लक्षात राहिलं, ती दोघं एकमेकांची कोण वाटली, कुठे गोंधळलात, असं विचारा आणि गप्प बसा. "अरे नाही, अॅक्चुअली ती त्याची बहीण आहे" हे तोंडातून निघालं की टेस्ट संपली. त्याचं उत्तर त्याच्याच शब्दात लिहून घ्या.

गाणं दुसऱ्याचं असेल तर हक्कांबद्दल दोन ओळी टाका. चाल आणि बोल यांचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे, आणि वर्गात दाखवणं वेगळं नि अपलोड करणं वेगळं.

टीमबद्दल लिहिताना माणसांवर न जाता निर्णयांवर लिहा. "कॅमेरावाल्याने फोकस घालवला" च्या ऐवजी "चालत्या शॉटला फोकस ऑटोवर ठेवायचं आम्ही ठरवलं, रिहर्सलला तपासलं नाही". आणि त्या "आम्ही" मध्ये तुम्ही काय म्हणालेलात ते ग्रुपच्या चॅटमध्ये शोधा, बऱ्याचदा आपणच "चालतंय रे" म्हटलेलं असतं.

शेवटी जमलं तर एवढं करा, सापडलेल्यातली एक चूक निवडा आणि तेवढेच १५ सेकंद परत शूट करा, फोनवर, कोणीही मित्र उभा करून, फक्त तो एक निर्णय बदलून. जुनी आणि नवी क्लिप शेजारी शेजारी लावून रिफ्लेक्शनला जोडा. आम्ही कोरसची पहिली ओळ गाणं दुप्पट स्पीडने वाजवून परत शूट केली, आठवा टेक जमला, सातव्यापर्यंत सगळे नुसते हसत होते.