थर्मोकोलची भिंत, मिनिएचरचा हात: टेरेन आणि कन्व्हर्जनमधल्या या चुका टाळा

घरच्या घरी पडका बुरूज उभारताना (टेरेन) किंवा एका मिनिएचरचा, म्हणजे खेळातल्या छोट्या बाहुलीचा, हात कापून दुसऱ्याला बसवताना (कन्व्हर्जन) काम बिघडलं, तर दोष बहुतेक वेळा हाताच्या सफाईचा नसतो. समोरची वस्तू कशाची बनली आहे हे न बघता तिच्यावर गोंद, रंग किंवा पुट्टी चढवलेली असते. फॅन्टसी वॉरगेमिंगच्या, म्हणजे टेबलावर मिनिएचरच्या फौजा लढवायच्या खेळाच्या, २८ मिमी मापाच्या कामात नेहमी दिसणारे बिघाड, त्यांची कारणं आणि उपाय इथे दिले आहेत.

स्प्रेने भिंत खाल्ली

पांढरा थर्मोकोल आणि निळा-गुलाबी एक्सपीएस फोम दिसायला वेगळे असले, तरी दोन्ही पॉलिस्टायरीनच. स्प्रेच्या डब्यातल्या रंगात अ‍ॅसिटोन, टोल्युईनसारखे द्रावक असतात आणि ते पॉलिस्टायरीन विरघळवतात. नुसत्या फोमवर स्प्रे मारला की काही क्षणांत खड्डे पडतात आणि कडा वितळून गोल होतात. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, प्लास्टिक मॉडेलचं सिमेंट आणि फेविकॉल एसआरसारखे चप्पल-रेक्झिनचे गोंद हेच करतात. फोमला फोम चिकटवायला साधा पांढरा फेविकॉल वापरा. वाळायला रात्र जाऊ द्या आणि तोवर भिंत हलू नये म्हणून टूथपिक किंवा झाडूचे हीर आरपार खुपसून ठेवा.

स्प्रे मारायचाच असेल, तर आधी फोम बंद करावा लागतो. एक भाग फेविकॉल, एक भाग काळा अ‍ॅक्रिलिक रंग आणि अर्धा भाग पाणी असं मिश्रण करून दोन हात द्या. पहिला हात पूर्ण वाळल्यावरच दुसरा. काळा रंग घालण्यामागे कारण आहे: जिथे ब्रश पोचला नाही तिथे फोमचा मूळ रंग उघडा दिसतो. विटांच्या फटी, खिडक्यांच्या आतल्या कडा आणि तळ या जागा हमखास सुटतात. टाचणीएवढी जागा उघडी राहिली तरी द्रावक तिथून आत शिरतो, आणि वरचं कवच शाबूत राहून खालची भिंत पोकळ होते. खरं तर हे दोन हात नीट बसले की तेच अस्तर झालं. पुढचं सगळं काम ब्रशने आणि अ‍ॅक्रिलिक रंगाने होतं, स्प्रेची गरजच उरत नाही.

भिंत आधीच वितळली असेल तर फेकू नका. वितळलेल्या जागी कडक, चकचकीत साल तयार होते आणि तिच्यावर रंग धरत नाही. ती तारेच्या ब्रशने खरवडा. उथळ खड्डे पडक्या भिंतीत खपून जातात. खोल असतील, तर भिंतीच्या पुट्टीत थोडा फेविकॉल कालवून भरा, पण एका वेळी २ मिमीपेक्षा जाड थर देऊ नका. जाड थर वाळताना आकसतो आणि तडकतो.

दगड कोरताना फोम फाटतो

विटा आणि दगड कोरायला एक्सपीएसच हवा. थर्मोकोल मण्यांचा असतो. पातं कितीही नवं असलं तरी कडेचे मणी सुटतात, म्हणून तो टेकडीच्या पोटात भरायला ठेवा. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्मोकोलवर २०१८ पासून बंदी आहे, त्यामुळे तसाही मालाच्या पॅकिंगमधून आलेला तुकडाच वापरला जातो. एक्सपीएस छताच्या उष्णतारोधनासाठी विकला जातो. त्याच्या तक्त्यावरची गुळगुळीत साल कोरण्याआधी पॉलिश पेपरने काढून टाका, नाहीतर ती रंग धरत नाही आणि पेनखाली सुरकुतते.

नेहमीची चूक म्हणजे थेट बॉलपेनने रेघा दाबणं. पेनचं टोक फोम ओढत नेतं आणि रेघेच्या कडा फाटतात. आधी नव्या पात्याने साधारण १ मिमी खोल चीर द्या आणि मग त्याच चिरेतून पेन फिरवा. चीर रुंदावते, कडा स्वच्छ राहतात. सगळ्यात शेवटी अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा हलक्या हाताने फिरवला की दगडाचा पोत येतो. जोर दिला तर आधी कोरलेल्या रेघाच बुजतात.

गरम तारेने कापताना धूर दिसला, तर तार जास्त तापली आहे. व्होल्टेज कमी करा, खिडकी उघडा. तार फोममधून आपल्या गतीने सरकली पाहिजे. ढकलली तर ती मधे वाकते आणि काप पोटाशी फुगीर येतो.

दिसायला सुंदर, खेळायला निरुपयोगी

२८ मिमी हे माप बहुधा पायापासून डोळ्यांपर्यंतचं असतं. वर शिरस्त्राण आणि खाली ३-४ मिमीचा बेस (मिनिएचर ज्यावर उभी असते तो तळ) धरला, तर मिनिएचर ३५ मिमीच्या आसपास जाते. ३० मिमी उंचीच्या दारात ती अडकते. दार ४० ते ४५ मिमी उंच ठेवा. रुंदी अंगावरून ठरवू नका, बेसवरून ठरवा: २५ मिमी बेसला ३० मिमीचं दार, ३२ मिमी बेसला किमान ३६. जुन्या वॉरहॅमर फॅन्टसी या खेळात माणसांचे बेस २० मिमी चौकोनी होते. २०२४ मध्ये आलेल्या द ओल्ड वर्ल्ड या त्याच्या नव्या रूपात ते २५ मिमी झाले, त्यामुळे जुन्या मापाच्या पुलावर आणि तटावर नवी फौज मावत नाही. कापण्याआधी आपल्याकडचा सगळ्यात मोठा बेस फोमवर ठेवून बघा.

जिन्याचं गणित वेगळंच आहे. या मापात खरी पायरी ३ मिमी उंच आणि ५ मिमी खोल येईल, आणि तिच्यावर एकही मिनिएचर उभी राहणार नाही. पायऱ्या खऱ्यासारख्या करा, पण मधे ३० मिमीचा चौथरा द्या. मजल्याची उंची ७५ मिमी ठेवा, म्हणजे बोटं आत जातात. छत चिकटवू नका, उचलता येऊ द्या.

पाया वाकतो, गवताला बुरशी येते

३ मिमी एमडीएफवर (लाकडाच्या तंतूंच्या दाबलेल्या तक्त्यावर) पाणी घातलेला फेविकॉल आणि वाळू पसरली की वरची बाजू वाळताना आकसते आणि कडा वर उचलतात. उपाय एकच: त्याच दिवशी खालच्या बाजूलाही तेच मिश्रण लावायचं. वाकलेला पाया सरळ करायचा असेल, तर उलट बाजू ओली करा, वर प्लास्टिकचा कागद टाका आणि रात्रभर वजन ठेवा. कडा कानशीने उतरत्या करून घ्या.

समुद्रकाठची वाळू न धुता वापरली, तर तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि रंगातून पांढरं फुटून येतं. गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवा, वाळवा, चाळा. चहाचा चोथा, काटक्या, झाडाची साल यांत ओल राहिली तर कोकणात किंवा मुंबईत पहिल्याच पावसाळ्यात बुरशी येते. ओव्हनमध्ये १०० अंशांवर अर्धा तास ठेवून समोर लक्ष द्या. उंच गवताला काथ्याच्या पायपुसण्याचे तंतू उत्तम. वाळू किंवा भुसा पक्का करायला एक भाग फेविकॉल आणि तीन भाग पाणी घ्या, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब घाला. तो नसेल, तर मिश्रण मुरण्याऐवजी गोळे होऊन भुसाच ढकलत नेतं.

हात गळून पडतो

कन्व्हर्जनमध्ये पहिला प्रश्न: ही मिनिएचर कशाची? साच्याच्या चौकटीसकट येणारं कडक प्लास्टिक पॉलिस्टायरीनचं असतं. वाकवून सोडल्यावर परत सरळ होतं ते मऊ पीव्हीसी. रेझिन वाकवलं तर कडकन तुटतं, आणि धातू वजनावरूनच कळतो. प्लास्टिक सिमेंट दोन्ही कडा विरघळवून एकजीव करतं, म्हणून ते फक्त पॉलिस्टायरीनला चालतं. धातू, रेझिन आणि पीव्हीसीवर ते नुसतं वाळतं आणि जोड सुटतो. तिथे फेविक्विक किंवा दोन भागांचा इपॉक्सी हवा. रेझिन आधी कोमट साबणाच्या पाण्याने घासून धुवा, कारण साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर त्यावर राहिलेला असतो. रेझिन ओलं करून घासा आणि मास्क लावा. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

फेविक्विकचा जोड ओढ सहन करतो, पण आडवा धक्का बसला की सुटतो. तलवारीचा हात खेळताना नेमका तसाच धक्का खातो, म्हणून आत तार घालायची. १ मिमी ड्रिल बिट, पिन व्हाइस (बिट धरून हाताने फिरवायची मूठ) आणि तेवढ्याच जाडीची पितळेची तार किंवा कागदाची क्लिप पुरते. दोन्ही पृष्ठभाग कानशीने सपाट करा. खांद्यात ४-५ मिमी खोल भोक पाडा, त्याच्या तोंडावर रंगाचा ठिपका द्या आणि हात तिथे टेकवा. ठिपका हातावर उमटतो, दुसरं भोक तिथेच. सुईने आधी खळगा केला नाही, तर बिट घसरून चिलखतावर ओरखडा काढतो. बिट तुटतो तो जोर लावल्याने आणि तिरका धरल्याने. दर दोन-तीन फेऱ्यांनी बाहेर काढून किस झटका. सर्किट बोर्डाचे कार्बाइड बिट स्वस्त मिळतात, पण हाताने फिरवताना जराशा कलानेही तुटतात. एचएसएस (हाय-स्पीड स्टील) बिट घ्या.

पुट्टी चिकटच राहते

ग्रीन स्टफ या दोन भागांच्या इपॉक्सी पुट्टीच्या पट्टीत निळा आणि पिवळा भाग शेजारी असतात आणि मधल्या रेषेवर आधीच थोडे आळलेले असतात. ती १-२ मिमीची मधली पट्टी कापून टाकली नाही, तर मळलेल्या पुट्टीत कडक कण येतात. समान भाग घेऊन एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळा. रेघ राहिली तर ती जागा कायम चिकट राहते. पिवळा भाग जास्त घेतला की पुट्टी मऊ आणि लवचिक होते, निळा जास्त घेतला की कडक. हातमोजे घाला, इपॉक्सीची अ‍ॅलर्जी होऊ शकते.

जोड झाकायला बाही करताना ४ मिमीची गोळी पुरते. ती दाबून पसरवा आणि १५-२० मिनिटं थांबा. ताजी पुट्टी अवजाराला चिकटते, थोडी आळली की ऐकते. चुण्या एकमेकींना समांतर काढू नका. कापड जिथे ताणलं जातं, म्हणजे कोपर आणि खांदा, तिथून चुण्या फाकत निघतात. बोथट टोकाने खोलगट रेघ दाबा, मग दोन्ही बाजूंचे उंचवटे ओल्या अवजाराने गुळगुळीत करा. पाणी अवजाराला पुसटसंच हवं. पुट्टीखाली गेलं तर ती धातूवरून सुटून येते. व्हॅसलीन वापरलं, तर रंगापूर्वी साबणाने धुवा.

पूर्ण अंगरखा एकाच बैठकीत करायला जाऊ नका. पुढून काम करताना मागची बाजू बोटांनी चेपली जाते. आधी आतला गाभा, २४ तासांनी वरचा थर. गाभ्याला आणि बेसवरच्या खडकांना एम-सील चालतं. पातळ कडांना मात्र नाही, ती तुटतात.

पांढरा धूसरपणा

फेविक्विकची वाफ हवेतल्या ओलाव्याने बाजूच्या भागावर पांढरी बसते. गोंद कमी लावा, पंखा चालू ठेवा. मॅट वॉर्निशचा स्प्रेही दमट हवेत दुधाळ होतो, आणि मग काळी चिलखतं राखाडी दिसतात. जून ते सप्टेंबर मुंबई, कोकण, गोव्यात ब्रशने लावायचं पाण्याचं वॉर्निशच वापरा. मिनिएचर आधीच दुधाळ झाली असेल, तर कोरड्या दिवशी तिला ग्लॉस वॉर्निशचा पातळ हात द्या. बहुतेक वेळा धूसरपणा जातो. ग्लॉस पूर्ण वाळल्यावर त्यावर पुन्हा मॅट, ब्रशनेच.