माल्टा पाहण्याचा क्रम कसा लावावा

माल्टा या संपूर्ण देशाचे क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही कमी आहे. एवढ्याशा बेटांवर काय पाहायचे ते तिथे पोहोचल्यावर ठरवू, असे साहजिकच मनात येते. पण इथे अंतर ही अडचणच नाही. कोणते ठिकाण कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी पाहायचे, हे आधी ठरवले नाही तर बेटावरची सर्वांत मोलाची गोष्ट न पाहताच परतावे लागते.

ती गोष्ट म्हणजे पाओला गावाच्या घरांखाली असलेले हाल साफ्लिएनीचे हायपोजियम. १९०२ मध्ये नव्या घरांसाठी पाण्याची टाकी खोदताना कामगारांना हे भूमिगत दफनस्थळ सापडले. सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी धातूचे एकही हत्यार हाती नसताना, गारगोटी आणि शिंगांच्या अवजारांनी चुनखडीचा खडक कोरत तीन मजले खाली नेले. मधल्या मजल्यावर तर जमिनीवरच्या मंदिराचे दरवाजे, खांब आणि एकावर एक पुढे सरकत गेलेले छताचे थर हुबेहूब खडकात कोरलेले आहेत. आपल्याकडे वेरूळचे कैलास लेणे पाहिलेल्या माणसाला हे पाहताना फार जवळचे काही पाहिल्यासारखे वाटते, जरी दोन्हींचा एकमेकांशी काहीही संबंध नसला तरी. छतावरची तांबड्या गेरूची वेलबुट्टी माणसांच्या श्वासातील ओलाव्याने खराब होते, म्हणून एका वेळी दहाच आणि दिवसभरात सुमारे ऐंशीच लोकांना आत सोडतात. साहजिकच तिकिटे कित्येक आठवडे आधी संपतात. शेंगेन व्हिसाच्या तारखा हाती आल्या की पहिले काम म्हणून या तिकिटाची ऑनलाइन नोंदणी करावी आणि बाकीचे दिवस त्या वेळेभोवती बसवावेत. आत छायाचित्रे काढू देत नाहीत, हे एका परीने बरेच आहे, कारण त्या अंधुक प्रकाशात नजर स्थिरावायलाच काही मिनिटे लागतात.

हायपोजियमला जाण्याआधी राजधानी व्हॅलेटातील पुरातत्त्व संग्रहालय पाहून घ्यावे. तिथे त्याच दफनस्थळात सापडलेली ‘निद्रिस्त स्त्री’ आहे. जेमतेम बारा सेंटिमीटर लांबीची ही भाजक्या मातीची मूर्ती कुशीवर झोपलेली असून तिचा एक हात डोक्याखाली आहे. ती पाहून मग खाली उतरलो, तर त्या रिकाम्या दालनांना माणसांचा अर्थ येतो.

हाजर ईम आणि म्नायड्रा ही उघड्यावरची प्रागैतिहासिक मंदिरे दक्षिण किनाऱ्यावर एकमेकांपासून अर्ध्या किलोमीटरवर आहेत आणि ती एकाच फेरीत, सकाळी उघडताक्षणी पाहावीत. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी तिथे उभे राहवत नाही. शक्य असेल तर सहलच एप्रिल-मे किंवा ऑक्टोबरमध्ये ठेवावी. हाजर ईम मऊ, मधाच्या रंगाच्या चुनखडीचे असल्याने त्याच्या शिळा मधमाशीच्या पोळ्यासारख्या झिजल्या आहेत, तर म्नायड्राच्या बाहेरच्या भिंतींचा दगड कठीण आणि करडा आहे. दोन्हींवर २००९ मध्ये उभारलेली पांढरी छत्रे छायाचित्रात खटकतात खरी, पण पाऊस आणि खारा वारा यांपासून ही मंदिरे वाचवायची तर त्यांना इलाज नव्हता.

व्हॅलेटासाठी पूर्ण एक दिवस राखावा, मात्र तो रविवार नसावा, कारण त्या दिवशी सेंट जॉनचे महामंदिर, म्हणजे कॅथेड्रल, पर्यटकांसाठी बंद असते. १५६५ चा ऑटोमन वेढा परतवून लावल्यावर सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे तेव्हा माल्टावर सत्ता असलेल्या ख्रिस्ती लढवय्यांच्या संघाने, पुढच्याच वर्षी या तटबंद शहराची पायाभरणी केली. महामंदिर बाहेरून एखाद्या किल्ल्यासारखे साधे दिसते, परंतु आत पाऊल टाकताच पायांखाली रंगीत संगमरवरी थडग्यांचीच फरसबंदी पसरलेली दिसते. टोकदार टाचांची पादत्राणे तिथे चालत नाहीत. बाजूच्या प्रार्थनादालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ मध्ये रंगवलेले, येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. दारातून ते एकदा संपूर्ण पाहावे, मग जवळ जाऊन योहानाच्या गळ्यातून जमिनीवर सांडलेल्या रक्ताकडे पाहावे. त्या रक्तातूनच ओघळल्यासारखी चित्रकाराची सही आहे, आणि त्याने सही केलेले हे एकमेव चित्र मानले जाते. त्याच वर्षाच्या अखेरीस, तो तुरुंगातून निसटून गेल्यावर, याच दालनात त्याला सरदारांच्या संघातून काढून टाकण्यात आले.

बाराच्या सुमारास अप्पर बाराक्का बागेत पोहोचावे. खालच्या बुरुजावरून रोज दुपारी तोफ डागली जाते आणि समोर सारे ग्रँड हार्बर पसरलेले असते. बागेतून लिफ्टने खाली उतरून फेरीबोटीने पलीकडच्या किनाऱ्यावर गेले, की बिर्गूच्या अरुंद गल्ल्या पायी फिरता येतात. सरदारांचे मूळ ठाणे हेच होते.

इम्दीना या जुन्या राजधानीत मात्र दिवसा जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. दुपारी तिथे सहलीच्या बसगाड्यांची गर्दी असते. संध्याकाळी ती परतली, की पिवळ्या दिव्यांखालच्या त्या वळणदार गल्ल्यांत आपल्याच पावलांचा आवाज ऐकू येतो.

गोझो बेटासाठी वेगळा दिवस हवा. माल्टा बेटावरच्या चिर्केव्वा बंदराहून मोटारी नेणारी मोठी बोट सुमारे पंचवीस मिनिटांत पोहोचवते. जाताना तिकीट मागत नाहीत, भाडे परतीच्या वेळी गोझोच्या इम्जार बंदरावरच घेतात, त्यामुळे चिर्केव्वाला खिडकी शोधत बसू नये. तिथली जगांतियाची मंदिरे इजिप्तच्या पिरॅमिडांहून जुनी आहेत. जुन्या पर्यटन-पत्रकांवर हमखास दिसणारी समुद्रातली दगडी कमान, म्हणजेच अझूर विंडो, मार्च २०१७ च्या वादळात कोसळली. केवळ तिच्यासाठी, ती जिथे होती त्या ड्वेय्राला जाण्याचा बेत असेल तर तो वेळ जगांतियाला द्यावा.